मुधोळ की गावठी?

परीक्षा संपल्या की घराघरांत मुलांची एक मागणी हमखास होते, कुत्रा हवा. माझ्या धाकट्या भावाकडे यंदा तेच चाललंय. मुलं दोन, 6 आणि 3 वर्षांची. राहायला दुसऱ्या मजल्यावर. भावजयीचं माहेर मुधोळकडचं. तिचे वडील म्हणाले, ‘नम्म ऊर नायी’ असताना दुसरं बघायचंच कशाला?

त्यांचा अभिमान रास्त आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, 2005 साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं आणि 2016 मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. पण हा मूळचा शिकारी कुत्रा. लांबवर ससा दिसला की सुटायचं, हे त्याच्या रक्तातच. त्याला रोज धावायला मोकळं रान हवं. शिवाय परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला फारसा खपत नाही, आणि आपल्याकडे तर येणारा-जाणारा प्रत्येक जण कुत्र्याला गोंजारणार! मुधोळ वाईट नव्हे, दुसऱ्या मजल्यावर त्याचे हाल होतील, एवढंच मी भावाला सांगितलं.

माझा कौल गावठीला. ‘बीदी नायी’ म्हणून कुणी नाक मुरडलं तरी. त्यातही पिल्लापेक्षा वर्ष-दोन वर्षांचा, गल्लीतल्या मुलांत वाढलेला बघावा. त्याचा स्वभाव कळलेला असतो. (पिल्लूच हवं असेल तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका.) मुलं ओरडत पळाली की तो काय करतो, ते आठ-दहा दिवस पाहा. उठून बाजूला जाणारा चांगला. अंग ताठ करून रोखून बघणारा नको, मग तो गुरगुरत नसला तरी.

घरी आणल्यावर तो खात किंवा झोपलेला असताना मुलांना जवळ जाऊ देऊ नये. लहानग्याला त्याच्यापाशी एकटं तर कधीच सोडू नये, कुत्रा कितीही गरीब असो. ही राखण घरातल्या अज्जीवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही.

रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढच्या डॉक्टर सांगतील तशा. आणि दात किंवा नख लागलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची. तिखट, चुना, हळद काही भरायचं नाही. कुत्रा घरचा असला, त्याला लस टोचलेली असली, तरी मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.