भिंत राखते की अडवते?

जुन्या चर्चचे गडगे आणि नक्षीदार लोखंडी फाटके जपावीत, असे इंग्रजी पेपरांतून नेहमी छापून येते. जपावीतच. पण अंधेरीत एक चर्च असे आहे, की त्याचे फाटक म्हणजे सीप्झचे फाटक, आणि ते पास दाखवल्याशिवाय उघडत नाही.

हे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. जेझुइटांनी १५७९ साली कोंडिविट्याला बांधलेले. १८४० च्या सुमारास साथ आली, लोक मरोळला गेले, तिथे नवे चर्च झाले, जुने ओस पडले. पुढे जमीन सरकारने घेतली, १९७३ साली सीप्झ उभे राहिले आणि हे अवशेष भिंतीच्या आत गेले. ईस्ट इंडियन समाजाला वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा करू देतात.

२००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानुसार अशी जागा देशाच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरची मानली जाते. म्हणजे भिंत आहे मालासाठी. हिरे-दागिन्यांचा हिशेब लागावा म्हणून. अडकले ते मात्र भाविक!

आपल्यातले काही म्हणतील, पोर्तुगीजांनी बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत चर्च केले, त्यांच्यासाठी आपण कशाला भांडायचे? पण मिस्सेला येतात ते पोर्तुगीज नव्हेत. ते इथल्याच कोळी, कुणबी, भंडाऱ्यांचे वंशज. घरात मराठी बोलणारे. आणि बंद दरवाजा म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २ मार्च १९३० ला काळारामाचे दरवाजे आपल्याच तोंडावर बंद झाले होते.

कोंडिविट्याचीच १९ बौद्ध लेणी, ज्यांना लोक महाकाली लेणी म्हणतात, तिथून जवळच आहेत. अतिक्रमण होऊ नये म्हणून तिथे कुंपण आपणच मागतो. रास्तच आहे. पण १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा वाचा. कलम २ मध्ये स्मारकाच्या व्याख्येतच कुंपणापुरती लगतची जमीन धरली आहे, आणि जाण्यायेण्याची वाटही. कलम १८ जनतेला प्रवेशाचा हक्क देते. हा कायदा संरक्षित स्मारकांपुरता आहे, हे वकील म्हणून मला ठाऊक आहे. तरी कुंपण आणि वाट यांची फारकत करू नये, हे तत्त्व सीप्झला लागू करायला कोणाची हरकत असावी?

चर्चपर्यंत दोन्ही बाजूंनी जाळी लावलेली स्वतंत्र वाट काढता येईल. जकातही बुडणार नाही. निदान दर रविवारी ती उघडावी, अशी मागणी विकास आयुक्तांकडे करता येते. मरोळच्या मंडळींनी निवेदन काढले तर त्याखाली अंधेरीतल्या बुद्धविहारांच्या सह्या असल्या पाहिजेत.