धनिकाची थैली आणि क्लबचे भवितव्य

इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ साली स्थापन झालेला फुटबॉल क्लब. त्याच गावचे पोलाद उद्योजक जॅक वॉकर यांनी १९९१ मध्ये त्याची सूत्रे हाती घेतली, मुक्तहस्ताने पैसा ओतला आणि १९९५ मध्ये क्लबने प्रीमियर लीगचे विजेतेपद पटकावले. २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने सुमारे २.३ कोटी पौंडांना तो विकत घेतला. पुढे २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला, तर २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला. तेथून तो वर्षभरात वर आला. या काळातही मालकांनी तोटा भरून काढणे सोडले नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

पण खरी मेख येथेच आहे. गोष्टीतल्या राक्षसाचे प्राण पोपटात असावेत, तसे अशा क्लबचे प्राण मालकाच्या थैलीत असतात. २०२३ मध्ये भारतातून पैसे पाठविण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची अनुमती घेण्याची वेळ आली, तेव्हा झळ ब्लॅकबर्नला बसली. जर्मनीत मताधिकाराचे बहुमत सर्वसाधारणपणे सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे, तो उगाच नव्हे. मालक येतात आणि जातात. गाव मात्र तेथेच राहते. दातृत्वाला उत्तरदायित्वाची जोड नसेल, तर कालचा आश्रयदाताच उद्याच्या संकटाचे कारण ठरतो.