अंथरूण धरण्याआधी : वरळीतील ज्येष्ठांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. सहायक आयुक्त, जी/दक्षिण विभाग
मा. मुख्य अधिकारी, म्हाडा, मुंबई मंडळ
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : ज्येष्ठांचे नेहमीचे आजार घरी नीट सांभाळता यावेत यासाठीच्या मागण्या

महोदय/महोदया,

बीडीडी चाळी, कोळीवाडा, जिजामाता नगर आणि आदर्श नगर या भागांतले साठीपुढचे रहिवासी आणि त्यांना घरी सांभाळणारी माणसे यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र देत आहोत. सांभाळणाऱ्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. घरोघरी ती सून असते, मुलगी असते, नाहीतर स्वतः सत्तरीला टेकलेली बायको असते. तिचे नाव कुठल्याही केसपेपरवर येत नाही.

रक्तदाब, मधुमेह, गुडघे, दमा, मोतीबिंदू, विसर पडणे हे आजार रोजच्या रोज घरातच सांभाळावे लागतात. शासनाचा पैसा मात्र माणूस दाखल झाल्यावर सुरू होतो. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण दर महिन्याच्या गोळ्या, साखर तपासायच्या पट्ट्या, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट यांतले काहीच त्या कार्डात बसत नाही. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया फुकट होते, आणि ते मोडू नये म्हणून न्हाणीघरात बसवायच्या दांडीला पैसा नसतो. हा क्रम उलटा व्हावा, ही आमची मूळ मागणी आहे. पुढचे सगळे त्यातूनच निघते.

पडणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पासष्टीपुढच्या दर शंभर जणांपैकी 28 ते 35 जण वर्षातून एकदा तरी पडतात. वरळीत या पडण्याला जुन्या घरांची एक वेगळी पार्श्वभूमी आहे. बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली आणि मजल्यावरचा सामायिक संडास यांत हयात घालवलेल्या बायका रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळपासूनच पाणी पिणे बंद करतात. घर बदलले तरी ही सवय सुटत नाही. पाणी कमी पडले की लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, पोट साफ होत नाही, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मग तोल जातो. घरचे म्हणतात, वयच झाले. खरे तर दोन-तीन साध्या गोष्टी वेळेवर पाहिल्या असत्या तर ते पडणे टळले असते.

म्हणून दवाखान्यात ज्येष्ठांचा रक्तदाब दोनदा मोजावा : एकदा आडवे असताना आणि एकदा उभे राहून तीन मिनिटांच्या आत. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर गोळ्यांचा डोस आणि वेळ डॉक्टरांनी पुन्हा तपासायला हवी. याला नवे यंत्र लागत नाही, फक्त पाच मिनिटे जास्त लागतात.

म्हाडाकडे आमची स्वतंत्र विनंती आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या आणि 500 चौरस फुटांचे हक्काचे घर मिळाल्याचा आनंद आमच्याही घरी झाला. संडास घरात आला, ही म्हाताऱ्या माणसांसाठी मोठीच सोय आहे. आता एवढेच करावे की, जिथे ज्येष्ठ राहतात तिथे संडास-न्हाणीत पकडायच्या दांड्या आणि खरबरीत फरशी मागणी केल्यावर विनामूल्य बसवून मिळावी. स्ट्रेचर सरळ आत जाईल अशी निदान एक लिफ्ट प्रत्येक इमारतीत असावी आणि वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालावी. चाळीस मजली इमारतीत लिफ्ट बंद पडली की डायलिसिसचा रुग्ण घरात अडकतो. यापुढच्या टप्प्यांतल्या इमारतींचे आराखडे अंतिम करताना ज्येष्ठांच्या दोन प्रतिनिधींना बोलवावे.

चाळीच्या गॅलरीने एक काम वर्षानुवर्षे गुपचूप केले. सकाळी नऊ वाजले तरी समोरचे दार उघडले नाही तर कोणीतरी कडी वाजवायचे. टॉवरमध्ये दारे बंद असतात. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी प्रत्येक इमारतीत ठेवावी आणि रोज एकदा चौकशी होईल अशी व्यवस्था सोसायटी, पोलीस ठाणे आणि आरोग्यसेविका यांनी मिळून लावावी. त्यासाठी माणसे द्यायला आमची संघटना तयार आहे.

गोळ्या

वरळीतल्या कुठल्याही घरी औषधांचा डबा उघडून पाहा. त्यात केईएम रुग्णालयाच्या केसपेपरवरच्या गोळ्या असतात, नाक्यावरच्या डॉक्टरांच्या असतात, पोदार रुग्णालयातली आयुर्वेदिक चूर्णे असतात आणि केमिस्टने नुसते विचारल्यावर दिलेली दुखण्याची गोळीही असते. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा घेतले जाते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

यातल्या दुखण्याच्या गोळीबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण गुडघेदुखीमुळे ती घरोघरी आहे. डायक्लोफिनॅकसारखे औषध रोज घेतले तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी होण्याची गोळी चालू असताना त्यात या दुखण्याच्या गोळीची भर पडली तर मूत्रपिंड अचानक काम थांबवू शकते. साखरेसाठी जुन्या काळापासून चालत आलेले ग्लायबेनक्लामाइड वृद्धांमध्ये साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली नेते. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, गोंधळ वाढतो. घरच्यांना आमचे सांगणे आहे की यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका, पण सगळा डबा उचलून डॉक्टरांपुढे ठेवा.

तसा तो ठेवायला जागा हवी. महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ 2022 मध्ये सुरू झाला, तिथे 147 प्रकारच्या तपासण्या मोफत होतात. त्याच दवाखान्यांत आणि आरोग्य केंद्रांत आठवड्यातला एक ठरलेला अर्धा दिवस औषधांची पिशवी तपासण्यासाठी ठेवावा. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांनी मिळून प्रत्येक गोळी पाहावी आणि सर्व पॅथींची औषधे एकाच कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून द्यावीत. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या की पुढच्या फेरीसाठी कोणाला तरी खाडा करावा लागतो. खाडा परवडत नाही, म्हणून गोळी चुकते, आणि चुकलेल्या गोळीतून पक्षाघात येतो.

अचानक गोंधळणे आणि हळूहळू विसरणे

कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज माणसे ओळखत नाही, रात्री उठून बसते, भलतेच काहीतरी बोलते. याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नये. एक-दोन दिवसांत आलेला असा गोंधळ बहुधा शरीरातल्या बिघाडाचा असतो : लघवीचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे, साखर उतरणे, नवे औषध. कारण सापडले तर माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. त्या दिवशीच दवाखाना गाठावा. महिनोन्‌महिने वाढत जाणारी विस्मृती वेगळी. तिच्यासाठी तपासणी, समुपदेशन आणि दीर्घ सोबत लागते. दोन्हींतला फरक ओळखण्याचे प्रशिक्षण आरोग्यसेविकांना द्यावे. त्यांना घरे माहीत आहेत.

गिरणीची छाती

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे किंवा तो ओलांडून गेला आहे. कार्डिंग-ब्लो रूममधल्या कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा मान्यताप्राप्त व्यावसायिक आजार आहे. गिरणी बंद पडली आणि नोकरीबरोबर अनेकांचे कामगार राज्य विम्याचे कार्डही गेले. राज्य विमा योजनेत निवृत्त विमेदाराला व त्याच्या जोडीदाराला वर्षाला 120 रुपये भरून वैद्यकीय लाभ घेता येतो, पण त्यासाठी नोकरी कशी संपली याचे कागद लागतात. बंद गिरणीच्या कामगाराकडे ते असतातच असे नाही. वरळीच्या राज्य विमा रुग्णालयात माजी गिरणी कामगार आणि त्यांच्या विधवांसाठी कागदपत्रांची मदत देणारी खिडकी उघडावी, आणि छातीची श्वासक्षमता मोजण्याची शिबिरे जांभोरी मैदानाच्या परिसरात भरवावीत. इन्हेलर ओढायचा कसा, हेही तिथेच शिकवावे. चुकीच्या पद्धतीने ओढलेले औषध घशातच राहते.

जाणे-येणे

प्रभादेवीचा पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडण्यासाठी बंद झाला आणि वरळीहून परळचे केईएम लांब पडले. टॅक्सीला करी रोडच्या किंवा दादरच्या टिळक पुलाचा वळसा आहे. नवा पूल उभा राहीपर्यंत वरळी नाका ते केईएम अशी, पायरी खाली असलेली बेस्टची बस ओपीडीच्या वेळेत सोडावी. कोळीवाड्याच्या गल्ल्यांत रुग्णवाहिका शिरत नाही. तिथे घडीची स्ट्रेचर आणि ती वाहणारी प्रशिक्षित तरुण मंडळी हवीत.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तर दवाखान्यानेच घरी यायला हवे. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. 2021 च्या जुलैअखेरीस याच महापालिकेने अंथरुणावरच्या नागरिकांना घरी जाऊन करोनाची लस द्यायला सुरुवात केली होती. याद्या झाल्या, पथके झाली, डॉक्टर जिने चढले. तीच पद्धत महिन्यातून एकदा कॅथेटर बदलणे, जखम पाहणे, साखर-रक्तदाब मोजणे यांसाठी कायम करावी. फ्लू आणि न्यूमोनियाची लसही त्याच फेरीत मोफत द्यावी.

सांभाळणारीला उसंत

रुग्ण सांभाळायला ब्युरोची बाई बारा तासांसाठी ठेवणे आमच्यातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे 3,000 रुपये एकदाच मिळतात. त्यांत काठी, चष्मा, गुडघ्याचा पट्टा येतो, हवेची गादी आणि वरखाली होणारा पलंग येत नाही. विभागात साहित्य उसने देणारे केंद्र असावे : पलंग, हवेची गादी, चाकांची खुर्ची, कमोड खुर्ची. पालिकेच्या ज्या शाळांत वर्ग रिकामे आहेत तिथे दिवसाचे सांभाळ केंद्र काढावे, म्हणजे सुनेला नोकरी सोडावी लागणार नाही. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पलंगावरून खुर्चीत कसे घ्यायचे, भरवताना ठसका लागू नये म्हणून कसे बसवायचे, हे शिकवणारे दोन दिवसांचे मोफत वर्ग केईएम आणि नायर रुग्णालयांच्या परिचारिकांकडून घ्यावेत. चुकीचे उचलून स्वतःची कंबर घालवून बसलेल्या बायका आमच्या सभासद आहेत.

कायदा काय म्हणतो

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 च्या कलम 20 मध्ये ज्येष्ठांसाठी वेगळी रांग, शक्य तितक्या सर्वांना खाटा आणि जुनाट आजारांवरील उपचारांच्या सोयींचा विस्तार या गोष्टी राज्य शासनाची जबाबदारी म्हणून लिहिल्या आहेत. या कायद्याने साठाव्या वर्षी माणूस ज्येष्ठ होतो. वयोश्री योजनेत पासष्टाव्या वर्षी होतो, वय वंदना कार्डासाठी सत्तरी गाठावी लागते. साठ ते सत्तर या दहा वर्षांतच मधुमेह आणि रक्तदाब शरीर पोखरतात. म्हणून राज्याने आपल्या योजनांसाठी साठ हेच वय धरावे.

या सगळ्या मागण्या एकाच वर्षात पूर्ण होणार नाहीत, हे आम्हाला कळते. पण उभे राहून रक्तदाब मोजणे, तीन महिन्यांच्या गोळ्या, पिशवी तपासणीचा दिवस आणि बस या चार गोष्टींना नवी इमारत किंवा नवी योजना लागत नाही. त्या पुढच्या महिन्यापासून सुरू व्हाव्यात. उरलेल्या मागण्यांसाठी चारही कार्यालयांच्या अधिकाऱ्यांनी जी/दक्षिण विभागात एकत्र बैठक घ्यावी आणि तिची तारीख आम्हाला लेखी कळवावी. बैठक तळमजल्यावर ठेवावी, कारण आमचे काही सभासद चाकांच्या खुर्चीतून येणार आहेत.

आपले,
वरळीतील ज्येष्ठ नागरिक आणि त्यांचे कुटुंबीय