आकडा मोजलेला की मानलेला?

तराजूत ठेवलेल्या गुळाच्या ढेपेचे वजन आणि जिना उतरणाऱ्या आजीच्या गुडघ्यावर पडणारा भार, हे दोन्ही आकड्यांत सांगता येतात. परंतु या दोन आकड्यांची जात एक नाही. पहिला मोजलेला असतो. दुसरा बहुतेक वेळा हिशोबाने काढलेला असतो. हा भेद शाळेतच शिकवला गेला पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

चालण्याचे संगणकीय विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळेत काय घडते ते पाहा. माणसाच्या कमरेवर, मांडीवर, पोटरीवर व पावलावर प्रकाश परावर्तित करणाऱ्या लहान लहान गोळ्या चिकटवतात. भोवतालचे कॅमेरे या गोळ्यांच्या जागा सेकंदाला शंभर किंवा अधिक वेळा टिपतात. जमिनीत बसवलेला बलमापक पाट, पाऊल किती बलाने टेकले ते मोजतो. मोजमाप येथेच संपते. गुडघ्याच्या आत कोणीही डोकावलेले नसते! पुढचे सारे काम न्यूटनचे नियम आणि संगणक यांचे.

गुडघ्याला शरीराच्या वजनाहून अधिक भार का सोसावा लागतो, हे तरफेच्या नियमाने समजते. समजा, 60 किलोग्रॅम वजनाचा माणूस एका पायावर आहे आणि जमिनीच्या प्रतिक्रियेची रेषा सांध्यापासून 6 सेंटिमीटरवरून जाते. तोल सावरणारा स्नायू मात्र सांध्यापासून 4 सेंटिमीटरवरच ओढतो. म्हणजे त्याला 60 × 6 ÷ 4 = 90 किलोग्रॅम-भार इतके बल लावावे लागेल. टेकूवर, म्हणजे सांध्यावर, दोन्ही मिळून 150 किलोग्रॅम-भार येईल. वजनाच्या अडीच पट!

हे उदाहरण सोपे झाले, कारण आपण एकच स्नायू धरला. प्रत्यक्षात गुडघ्यावरून दहाहून अधिक स्नायू जातात. क्ष + य = 10 एवढेच समीकरण दिले तर तुम्ही क्ष आणि य यांच्या निश्चित किमती सांगाल काय? संगणकापुढेही हीच अडचण असते. अज्ञात राशी जास्त आणि समीकरणे कमी. मग ‘शरीर कमीत कमी श्रमात काम भागवत असेल’ अशासारखा एखादा नियम मानून तो स्नायूंना बलाची वाटणी करून देतो. त्यातच त्वचेवरची गोळी हाडावरून थोडी सरकते, ती चूक वेगळीच.

या हिशोबाची परीक्षा घेता येते का? येते. बर्लिनमधील संशोधकांनी आत बलमापक बसवलेले कृत्रिम गुडघे तयार केले. ते भाराची नोंद बिनतारी बाहेर पाठवतात. अशा पाच रुग्णांच्या नोंदी 2010 मध्ये प्रसिद्ध झाल्या. सपाट जमिनीवर चालताना कमाल भार सरासरीने वजनाच्या 261 टक्के आणि जिना उतरताना 346 टक्के भरला. आजी चढण्यापेक्षा उतरायला का कचरते, याचे एक कारण येथे सापडते.

त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर फारच बोलका आहे. संधिवातात गुडघ्याची आतली बाजू बहुधा आधी झिजते. तिच्यावरील भाराचा अंदाज घेण्यासाठी, गुडघ्याला बाजूला वाकवू पाहणारे आघूर्ण संगणकाने काढण्याची पद्धत आहे. बलमापक गुडघा बसवलेल्या एका रुग्णाला वेगळ्या ढबीने चालायला सांगितले. आघूर्ण घटले, पण पाऊल टेकल्यानंतर येणारा आतल्या बाजूचा पहिला कमाल भार त्याप्रमाणे घटला नाही. गुडघा वाकवणारे दुसरे आघूर्ण वाढले होते, आणि ते पेलण्यासाठी स्नायूंना अधिक जोर लावावा लागत होता. आता विचार करा, पहिल्याच आकड्यावर विसंबून एखाद्याला महिनोन्‌महिने चाल बदलायला लावली, तर त्या कष्टाचे फळ काय?

मग संगणक टाकून द्यावा काय? मुळीच नाही. बल डोळ्यांना दिसत नाही. अनुभवी डॉक्टरांच्याही नाही. शिवाय प्रत्येकाच्या गुडघ्यात बलमापक बसवणेही शक्य नाही. हिशोब करावाच लागेल. मात्र ‘संगणकाने सांगितले’ एवढ्यावर प्रश्न थांबू नयेत.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. प्रयोगवहीत तीन रकाने आखून घ्यावेत : मोजले काय, काढले काय, मानले काय. लंबकाच्या प्रयोगात दोऱ्याची लांबी व आंदोलनांचा काळ मोजला, गुरुत्व त्वरण काढले. आणि झोका लहान आहे, दोऱ्याला वजन नाही, हे मानले. ज्या मुलाला हा तिसरा रकाना भरण्याची सवय लागेल, तो उद्या डॉक्टर होवो, अभियंता होवो की रुग्ण होवो, पडद्यावरच्या आकड्यापुढे नुसती मान डोलावणार नाही.