विश्लेषण : उपवास, जागरण, धूर… अर्धशिशी नेमकी कशाने उसळते? ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’चा संबंध काय?

डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो. संगमनेरमध्ये घरोघरी याला अर्धशिशी म्हणतात आणि कारणेही घरोघरी पाठ असतात. ऊन लागले, उपवास घडला, जागरण झाले. पण इतक्या वेगवेगळ्या गोष्टींनी एकच दुखणे कसे उठते? संशोधकांनी पुढे ठेवलेले एक उत्तर म्हणजे ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’.

किती जणांना हा त्रास?

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतात सुमारे २१ कोटी लोकांना मायग्रेन होता. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’मधील संशोधकांनी कर्नाटकात केलेल्या पाहणीत १८ ते ६५ वयोगटातील साधारण चौघांपैकी एकाला वर्षभरात हा त्रास झाल्याचे दिसले. पुरुषांपेक्षा महिलांत प्रमाण बरेच जास्त असते.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय?

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. ही ऊर्जा पेशींतील मायटोकॉन्ड्रियात तयार होते. शेतातले जुने डिझेल इंजिन आठवा. लोड वाढला, हवा कमी पडली की काळा धूर सुटतो. मायटोकॉन्ड्रियाचेही थोडे असेच आहे. ताण पडला की काही इलेक्ट्रॉन वाटेतच गळतात आणि प्राणवायूचे अतिक्रियाशील रेणू बनतात. ते निपटण्यासाठी पेशीकडे ग्लुटाथिओनसारखी स्वतःची अँटिऑक्सिडंट असतात. निर्मिती निपटाऱ्यापेक्षा जास्त झाली की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

त्याने डोके का दुखावे?

मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो, तो ‘टीआरपीए-१’ नावाच्या संवेदकामुळे. हाच संवेदक चेहरा आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाणाऱ्या ट्रायजेमिनल नसेत असतो आणि अतिक्रियाशील रेणूंनीही तो चेततो. तो चेतला की ‘सीजीआरपी’ हे द्रव्य सुटते, आवरणातील रक्तवाहिन्या फुगतात, वेदनेचे संदेश वाढतात. सीजीआरपीचा मार्ग अडवणारे पहिले प्रतिबंधक इंजेक्शन २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, म्हणजे साखळीतील हा दुवा पक्का आहे. कॅलिफोर्नियात एका झाडाला ‘डोकेदुखीचे झाड’ म्हणतात. त्याच्या पानांतील द्रव्यही हाच संवेदक चेतवते. विडी आणि चुलीच्या धुरातील ॲक्रोलीनचेही तेच. विडी-तंबाखूच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या संगमनेरला हे विशेष लागू पडावे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोनाथन बोरकम यांनी २०१६ मध्ये ‘हेडेक’ या नियतकालिकात मायग्रेनच्या नेहमीच्या कारणांचा आढावा घेतला. डोके-मानेच्या स्नायूंचे दुखणे वगळता बाकी सर्व कारणे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस निर्माण करू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र रुग्णांच्या रक्त तपासण्यांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत. हा ताण झटक्याचे कारण की परिणाम, यावरही वाद आहे.

मग अँटिऑक्सिडंट घेतले की झाले?

इतके सोपे नाही. बेल्जियमचे डॉ. जाँ शोनेन यांच्या १९९८ मधील चाचणीत ५५ रुग्ण होते. रोज ४०० मिलिग्रॅम रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, तीन महिने घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांचा त्रास निम्म्याने तरी घटला. नुसत्या दिखाऊ गोळीवर हे प्रमाण १५ टक्के होते. चाचणी लहान होती, हे विसरू नये. मॅग्नेशियम आणि को-एन्झाइम क्यू-१० यांच्या बाजूनेही काही पुरावा आहे.

येथे गणित करून पाहण्याचा मोह आवरला नाही. लिटरभर दुधात साधारण १.८ मिलिग्रॅम बी-२ असते. दुधाचा तालुका असला तरी ४०० मिलिग्रॅमसाठी दोनशेहून जास्त लिटर दूध लागेल! साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत ते साधारण १० मिलिग्रॅम असते. त्यामुळे हा डोस म्हणजे आहार नव्हे, औषधच. डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, गरोदरपणात तर नक्कीच.

घरी काय करता येईल?

जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा सांभाळणे, पुरेसे पाणी पिणे, नियमित चालणे. ज्यांना उपाशीपोटी झटका येतो त्यांनी हरतालिकेच्या निर्जळी उपवासाबद्दल घरात स्पष्ट बोलावे. सासूबाईंनाही अर्धशिशी असेल तर हे काम सोपे जाते. झटका कधी आला, आधी काय घडले, याची वही महिनाभर ठेवली तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

मात्र साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान किंवा मिश्र औषधांची गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते. महिन्यातून चार किंवा अधिक दिवस त्रास होत असेल तर प्रोप्रानोलॉल, टोपिरामेटसारख्या प्रतिबंधक औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावे. अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी, बोलण्यात अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही असल्यास अर्धशिशी समजून घरी थांबू नये.