विश्लेषण : स्वादुपिंडातील दुर्मीळ गाठ साधी की घातक, हे कसे ठरते?

गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. या आजाराचे नाव काढले तरी धास्ती वाटावी, अशीच त्याची ख्याती आहे. पण स्वादुपिंडातील प्रत्येक गाठ सारखी नसते. संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींपासून होणारी ‘न्यूरोएंडोक्राइन’ गाठ दुर्मीळ असते आणि बहुतेकदा संथपणे वाढते. ‘अ‍ॅपल’चे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांना २००३ मध्ये अशाच गाठीचे निदान झाले, त्यांचे निधन २०११ मध्ये झाले.

‘कॅन्सर आहे का?’ याचे उत्तर अवघड का?

सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसणारी गाठही पुढे यकृतात पसरू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात यातील कोणतीच गाठ पूर्णपणे निर्धोक मानलेली नाही. प्रश्न ‘आहे की नाही’ असा नसून ‘वेग किती आणि पसरली किती’ असा आहे.

अंदाज कशावरून बांधतात?

‘केआय-६७’ या चाचणीत विभाजनाच्या तयारीतील पेशींची टक्केवारी मोजतात. ती ३ पेक्षा कमी असल्यास पहिली श्रेणी, ३ ते २० असल्यास दुसरी आणि २० च्या वर गेल्यास तिसरी. पेशींची ठेवणच बिघडलेली असेल, तर तो वेगळा आणि आक्रमक कर्करोग ठरतो. याखेरीज गाठीचा आकार, लसिकाग्रंथी आणि यकृतातील फैलाव पाहिला जातो. दोन सेंटिमीटरपर्यंतची, लक्षणे नसलेली, संथ गाठ अनेकदा शस्त्रक्रियेविना नियमित तपासणीखाली ठेवता येते. इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठी तर दहापैकी सुमारे नऊ वेळा पसरत नाहीत.

मसुऱ्यातील रुग्णाचे काय?

मालवण तालुक्यातील मसुऱ्यासारख्या गावातून अशा आजारासाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबई गाठावी लागते. सोनोग्राफी एकीकडे, बायोप्सी दुसरीकडे, शस्त्रक्रिया तिसरीकडे, अशी ही वाट. अहवालात श्रेणीच नसेल, तर पुढचा डॉक्टर अंधारात असतो. संथ गाठीसाठी रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरा जातो किंवा आक्रमक गाठीत मोलाचे महिने निसटतात.

यावरचा उपाय महागडा नाही. प्रत्येक अहवालात गाठीचा प्रकार, श्रेणी आणि केआय-६७ ची टक्केवारी लिहिणे सक्तीचे करावे. मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, जपून ठेवावा आणि रुग्णाने मागताच मिळावा. त्यावर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेता येते आणि पुन्हा सुई टोचण्याची वेळ सहसा येत नाही. निष्कर्षाच्या चार ओळी मराठीतही द्याव्यात.

श्रेणी म्हणजे भविष्यवाणी नव्हे. पहिल्या श्रेणीतही फैलाव होतो, तिसऱ्या श्रेणीतही उपचार लागू पडतात. पण शेत गहाण टाकून मुंबई गाठायची की सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा, हे ठरवताना कुटुंबाच्या हातात निदान तेवढी माहिती असायला हवी. ती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, डॉक्टरांची मेहेरबानी नव्हे.