पुसलेली राणी आणि आपली वीरांगना

अहिल्यानगरजवळच्या शहा डोंगरावर एक अष्टकोनी, तिमजली वास्तू उभी आहे. ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर. लोक मात्र तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. लोकांची ही चूक समजण्यासारखी आहे. पण निजामशाहीतील राजस्त्री म्हटले की साहित्याचे अध्यापकही एकाच चांदबिबीपाशी थांबतात, आणि तीही फक्त तटावर तलवार घेऊन उभी असलेली! हे कसे समर्थनीय ठरावे?

चांदबिबीची आई खुंझा हुमायूँ. १५६५ मध्ये तालिकोटचा विजय मिळवून परतलेला तिचा पती हुसेन निजामशाह त्याच वर्षी वारला. मुलगा मुर्तजा अल्पवयीन होता. पुढे काही वर्षे राज्याचा कारभार या विधवेने चालवला. आफताबी या कवीच्या फारसी 'तारीफ-इ-हुसेनशाही'ची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातील चित्रांत राजाशेजारी राणीही रंगवली होती. पुढे बहुतेक चित्रांतली तिची आकृती पुसून टाकण्यात आली. मुलाने तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकले, त्यानंतर हे झाले असावे, असे अभ्यासक मानतात. ज्या सलाबतखानाच्या कबरीला आपण तिच्या मुलीचे नाव दिले, तो याच मुर्तजाचा वजीर!

तिने माहेरच्या माणसांना मोठ्या जहागिऱ्या दिल्या, म्हणून सरदार बिथरले, असा आक्षेप घेतला जातो. तो खराही आहे. पण आप्तांना पदे न देणारा सुलतान त्या काळात कोण होता? पुरुषाच्या बाबतीत ज्याला आपण राजनीती म्हणतो, त्यालाच स्त्रीच्या बाबतीत 'जनानखान्याची कारस्थाने' म्हणायचे, ही भाषा बखरकारांची नव्हे, आपली आहे.

हरिभाऊ आपट्यांच्या 'वज्राघाता'मुळे विजयनगरचा पाडाव मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. पण त्या पाडावापूर्वीची सुलतानांची एकजूट सोयरिकींनी बांधली गेली होती. चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशाहला दिली गेली, तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला गेला. आदिलशाहाची बहीण मुर्तजाला आली. १५८० मध्ये पती गेल्यावर चांदबिबीने विजापुरात बाल इब्राहीमच्या नावाने कारभार पाहिला. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुराद याच्या मोगली वेढ्याला तिने तोंड दिले, ते या अनुभवाच्या बळावर. वऱ्हाड देऊन तिने तह केला, तो बाल बहादूरशाहाचे राज्य वाचवण्यासाठी. १६०० मध्ये ती स्वकीयांच्याच हातून मारली गेली, किल्ला पडला आणि तो मुलगा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. तलवारीचे गोडवे गाताना तह, कारभार आणि ते मूल आपण सोयिस्करपणे वगळतो.

वीरांगना ही प्रतिमा दिसायला गौरवाची आहे. वास्तविक ती राज्यकर्तीचे राज्यकर्तेपण झाकते. २०२४ पासून या जिल्ह्याला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. चौंडीत जन्मलेल्या या विधवेला आपण तिच्या कारभारासाठी मान देतो. मग तोच निकष खुंझा हुमायूँला लावताना आपण का अडखळतो? धर्म वेगळा म्हणून? तसे असेल तर ते स्पष्ट म्हणावे. नसेल तर ऐतिहासिक कादंबरी शिकवताना, तटावरच्या चांदबिबीआधी, त्या पोथीतील पुसलेली चित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत.